जॅझवाल्यांवरचे सिनेमे : दुःख भरपूर दिसतं, पण काम कुठे दिसतं?

मध्यलय:

बरेच दिवस डोक्यात घोळत असलेला विषय आहे, एकदाचा मांडतो. जॅझ वाजवणाऱ्या-गाणाऱ्या माणसांवरचे सिनेमे मी मिळेल तिथून बघत आलोय, आणि दर वेळी एकाच जागी अडतो. दारू दिसते, सुया दिसतात, मोडलेले संसार, पोलीस, हॉस्पिटल आणि शेवटी मरण, हे सगळं अगदी वेळ देऊन दाखवतात. पण हा माणूस वाजवायला शिकला कसा, स्टेजवर उभा असताना शेजारच्याचं तो काय ऐकतो, ड्रमरने ठोका जरा इकडचा तिकडे केला तर हा काय करतो, हे फार क्वचित दिसतं. म्हणजे ज्या कामामुळे आपण त्याचं नाव घेतो तेच सिनेमातून गायब.

सॅक्सवादक चार्ली पार्करच्या सिंबलची (ड्रमच्या संचातल्या झांजेची) गोष्टच घ्या. कॅन्सस सिटीत रीनो क्लब म्हणून जागा होती, काउंट बेसीचा बँड तिथे वाजवायचा, आणि मुख्य कार्यक्रम संपला की जॅम सेशन (आयत्या वेळी जमून एकत्र वाजवणं) चालायची. पार्कर तेव्हा सोळाच्या आसपासचा पोरगा, ऑल्टो सॅक्स घेऊन चढला, वाजवता वाजवता मध्येच हरवला, आणि ड्रमर जो जोन्सने सिंबल काढून त्याच्या पायाशी टाकलं. पायाशी! 'व्हिप्लॅश' (२०१४) या ड्रम शिकणाऱ्या पोरावरच्या सिनेमातला तो कडक शिक्षक हीच गोष्ट सांगतो तेव्हा सिंबल डोक्याच्या दिशेने भिरकावलेलं असतं, मुंडकं उडता उडता वाचलेलं असतं, आणि त्या अपमानातूनच मोठा कलावंत जन्माला आला असा त्याचा दावा असतो. क्लिंट ईस्टवुडच्या 'बर्ड' (१९८८) या पार्करवरच्या सिनेमामध्येही ते हवेत फिरणारं सिंबल परत परत येतं.

आता पुढचं बघा. १९३७च्या उन्हाळ्यात पार्कर ओझार्कच्या डोंगराळ भागात एका बँडबरोबर कामाला गेला आणि जाताना बेसी बँडच्या रेकॉर्डी घेऊन गेला, टेनर सॅक्सवाल्या लेस्टर यंगचे सोलो (एकट्याने वाजवलेले तुकडे) असलेल्या. ते सोलो त्याने एकेक स्वर घोटून बसवले. परत आला तेव्हा लोकांना ओळखू येईना इतका फरक. १९५४च्या एका रेडिओ मुलाखतीत तो सॅक्सवादक पॉल डेस्मंडला सांगतो की तीन-चार वर्षं रोज अकरा ते पंधरा तास वाजवायचो, शेजारी इतके वैतागले की आईला घर सोडायला सांगू म्हणाले. म्हणजे पार्कर घडला तो त्या उन्हाळ्यात, त्या रेकॉर्डींपाशी बसून. आणि नेमक्या त्या उन्हाळ्याला सिनेमात जागा मिळत नाही, सिंबलला मिळते.

याच्या उलट टोकाला माझ्या मते एकच सिनेमा आहे, बर्ट्रां ताव्हेर्निएचा 'राउंड मिडनाइट' (१९८६). पॅरिस, १९५९, ब्लू नोट क्लब, आणि डेल टर्नर नावाचा थकलेला टेनर सॅक्सवाला. पात्र काल्पनिक असलं तरी मागे पियानोवादक बड पॉवेल आणि लेस्टर यंग उभे आहेत, सिनेमा अर्पणही त्या दोघांना केलाय. आणि हे काम करायला ताव्हेर्निएने नट घेतला नाही, डेक्स्टर गॉर्डनला घेतलं. खरा वादक, स्वतः व्यसनातून आणि तुरुंगातून गेलेला, युरोपात अनेक वर्षं राहिलेला. बाकी बँडमध्ये हर्बी हॅनकॉक, बॉबी हचरसन, बिली हिगिन्स, रॉन कार्टर, टोनी विल्यम्स असली माणसं, आणि संगीत शूटिंग चालू असतानाच सेटवर रेकॉर्ड केलेलं. त्यामुळे गॉर्डन एखादी बॅलड (संथ गाणं) वाजवत असताना कॅमेरा नुसता थांबतो आणि आपल्याला दिसतं की तो वाट बघतोय, पियानोने एक कॉर्ड टाकली ती ऐकून मग आत शिरतोय. गॉर्डनला अभिनयाचं ऑस्कर नॉमिनेशन मिळालं, हॅनकॉकला संगीताचं ऑस्कर. पण मला सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते की दोन तास एक माणूस काम करताना दिसतो.

तुम्हाला काय वाटतं लिहा. विरोधी मत असेल तर आवर्जून लिहा.

तालवेडी:

विरोधी मतापासूनच सुरुवात करते. 'व्हिप्लॅश'ला तुम्ही फार पटकन बाजूला सारलंत. मी ड्रम वाजवते, कॉलेजच्या बँडमध्ये वाजवलंय, आणि हाताला फोड येणं, बँडेज बांधून परत बसणं, दुसऱ्याला खुर्ची मिळाली म्हणून पोटात गोळा येणं, हे इतक्या खरेपणाने कुठल्याच सिनेमात पाहिलं नव्हतं. दिग्दर्शक डेमियन चझेल स्वतः शाळेच्या जॅझ बँडमध्ये ड्रम वाजवायचा, ती भीती त्याने अनुभवलेली आहे आणि ती पडद्यावर उतरलीय. तुम्ही म्हणताय काम दिसत नाही, इथे तर कामाशिवाय दुसरं काहीच नाहीये. जे. के. सिमन्सला ऑस्कर मिळालं ते एक, पण एडिटिंगलाही मिळालंय, ते उगाच नाही, काड्यांची प्रत्येक हालचाल कटशी बांधलेली आहे.

मध्यलय:

तालवेडी, फोड आणि भीती खरी आहे हे शंभर टक्के मान्य. माझा मुद्दा वेगळा आहे. त्या पोराला आपण एकटं बसून वेग वाढवताना बघतो, कोणाबरोबर वाजवताना बघत नाही. म्हणजे बँड आहे समोर, पण तो कोणाचं ऐकतोय असं दिसत नाही, तो फक्त शिक्षकाच्या हाताकडे बघतोय. तुम्ही ड्रम वाजवता म्हणून विचारतो, तुमचा अनुभव तसाच आहे का?

तालवेडी:

नाही, हे मात्र खरंय. स्विंगमध्ये वेग हा शेवटचा मुद्दा. जॅझ ड्रमरचा खरा संसार राइड सिंबल (काडीने सतत वाजवायची मोठी झांज) आणि हाय-हॅटवर (पायाने मिटणारी झांजांची जोडी), उजवा हात लय धरून ठेवतो, हाय-हॅट दोन आणि चारवर मिटते, आणि डावा हात नि किक ड्रम (म्हणजे पायाने वाजवायचा बास ड्रम) सोलोवाल्याशी बोलत राहतात, तो थांबला की भरतात, तो चढला की खालून ढकलतात. सिनेमात हे बोलणं नाही, कबूल. आणि तुमच्या सिंबलच्या गोष्टीला जोडून सांगते, जो जोन्स म्हणजे लय बास ड्रमवरून उचलून हाय-हॅटवर नेणाऱ्यांमधलं मुख्य नाव. त्याच्यानंतर केनी क्लार्कने ती राइड सिंबलवर नेली आणि किक ड्रम मोकळा केला, मध्येच धाडकन ठोका टाकायला, ज्याला ते लोक बॉम्ब टाकणं म्हणायचे. बीबॉप (पार्करच्या पिढीची नवी जॅझ शैली) शक्य झालं त्यात या बदलाचा मोठा वाटा आहे. सिंबल धरणाऱ्या हाताचा एवढा मोठा इतिहास, आणि सिनेमाला त्यातलं काय भावलं, तर ते फेकलं कसं.

पण मी 'व्हिप्लॅश'मधला एक सीन वाचवणार. शेवटाकडे तो शिक्षक एका छोट्या क्लबमध्ये पियानोवर हळू काहीतरी वाजवत बसलेला दिसतो ना, तेवढ्या दोन मिनिटांत तो माणूस वेगळाच आहे, खांदे सैल, चेहरा शांत. मला वाटतं दिग्दर्शकाला माहीत होतं की खरं संगीत इथे आहे. परत बघा तो सीन.

सॅक्सोफोनिक:

'बर्ड'वर लिहायचंय, जरा लांब होईल.

मी ऑल्टो सॅक्स शिकतोय म्हणून हा सिनेमा माझ्यासाठी फार जवळचा आहे. फॉरेस्ट व्हिटेकरने पार्करचं काम केलं आणि कान महोत्सवात त्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं, त्याबद्दल कोणाचं दुमत नसावं. सॅक्स धरायची पद्धत, शरीर स्थिर आणि फक्त बोटं चालताहेत, हे त्याने बरोबर पकडलंय. पण खरा वाद आवाजाचा आहे. ईस्टवुडला पार्करचाच सॅक्स हवा होता, दुसऱ्या कोणाचा नको होता, म्हणून जुन्या रेकॉर्डिंगमधून, त्यातली काही घरगुती, पार्करची विधवा चॅन हिने जपलेली, तांत्रिक करामती करून नुसता पार्करचा आवाज वेगळा काढला गेला आणि त्याच्या खाली नवीन वादकांकडून बास, पियानो, ड्रम वाजवून घेतले. लेनी नीहाउसने ते सगळं सांभाळलं, रे ब्राउन, रॉन कार्टर, बॅरी हॅरिस असे मोठे लोक त्यात आहेत. ध्वनीचं ऑस्कर मिळालं सिनेमाला.

ऐकायला एकदम स्वच्छ आणि भरदार वाटतं, थिएटरच्या स्पीकरवर पार्कर असा ऐकू यावा ही इच्छा मला मनापासून समजते. पण वाजवणारा म्हणून ऐकलं की काहीतरी टोचतं, आणि काय टोचतं ते मध्यलय यांनी वर लिहिलंच आहे. पार्कर १९४०च्या दशकातल्या त्या खोलीतल्या ड्रमरला उत्तर देतोय, आणि आपल्याला ऐकू येतोय १९८०च्या दशकातला ड्रमर, ज्याचं पार्करने कधीच ऐकलं नाही. एका बाजूने संवाद आहे आणि दुसऱ्या बाजूला नवीन माणूस बसवलाय, तो कितीही मोठा असला तरी पार्कर त्याच्यावर बदलू शकत नाही. मला तर वाटतं या सिनेमाची सगळी अडचण याच एका गोष्टीत आहे. पार्कर एकटा केला गेलाय, आवाजातही आणि गोष्टीतही. पार्करचा ट्रंपेटवाला साथीदार डिझी गिलेस्पी येतो तो मुख्यतः शहाणपणाच्या चार गोष्टी सांगायला येतो, दोघांनी मिळून नवीन भाषा कशी उभी केली, ती गाण्यांच्या जुन्या कॉर्डवर नवीन चाली बसवण्याची सगळी युक्ती, हे राहूनच जातं.

तरीही एक भाग मला अतिशय आवडतो. रेड रॉडनी हा गोरा ट्रंपेटवाला पार्करच्या बँडमध्ये होता, आणि दक्षिणेत काळे-गोरे एकत्र स्टेजवर चालत नसत, म्हणून त्याला 'अल्बिनो रेड' या नावाने काळा गायक म्हणून खपवला. हे खरं घडलेलं आहे, आणि सिनेमातल्या ट्रंपेटचा त्याचा भाग खऱ्या रेड रॉडनीनेच वाजवलाय. तिथे सिनेमा जिवंत होतो कारण तिथे बँड आहे, प्रवास आहे, पोटापाण्याचा प्रश्न आहे.

जुनाप्रोजेक्टर:

सॅक्सोफोनिक यांचा प्रतिसाद वाचून एक जुनी गोष्ट आठवली. १९४४ची 'जॅमिन द ब्लूज' नावाची दहा मिनिटांची फिल्म आहे, छायाचित्रकार ज्यॉन मिली याने केलेली, जॅझच्या मैफली भरवणारा नॉर्मन ग्रँझ तिच्या मागे होता. लेस्टर यंग त्यात वाजवतो, आणि तुमचा तो सिंबलवाला जो जोन्सही आहे. सुरुवातीला पडद्यावर दोन गोल वर्तुळं दिसतात, काही कळत नाही, मग कॅमेरा सरकतो आणि कळतं की ती लेस्टर यंगच्या हॅटची कड होती. या बँडमध्ये बार्नी केसेल हा एकटा गोरा वादक. स्टुडिओला काळे-गोरे एकत्र दाखवायचे नव्हते, म्हणून त्याला अंधारात ठेवलाय आणि हाताचा क्लोजअप आहे तिथे हातावर बेरीचा रस चोळून ते काळे केलेत. रॉडनीला काळा म्हणून खपवलं ते १९४०च्या शेवटी-५०च्या सुरुवातीला, आणि इथे कॅमेऱ्यासमोर तेच त्याच्या आधी.

उलट बाजूने काळी गायिका लीना हॉर्न. एमजीएम स्टुडिओच्या सिनेमांत तिची गाणी बहुतेक वेळा अशी शूट व्हायची की गोष्टीशी त्यांचा काही संबंध नसेल, म्हणजे दक्षिणेतल्या थिएटरांत ती कापून टाकता यावीत. आणि जॅझ गायिका बिली हॉलिडेला मोठ्या लांबीच्या सिनेमात काम मिळालं ते एकदाच, 'न्यू ऑर्लिन्स' (१९४७), त्यात तिला मोलकरीण केलंय. बिली हॉलिडेला! लुई आर्मस्ट्राँगही आहे त्यात.

१९५०च्या दशकात चरित्रपटांची लाट आली तेव्हा कोणावर निघाले तर ग्लेन मिलर (जेम्स स्टुअर्ट होता त्यात), बेनी गुडमन, जीन क्रूपा, रेड निकल्स. सगळे गोरे. त्यांच्या वादनाबद्दल मला आदर आहे, गुडमन आणि क्रूपाने तर आपापल्या सिनेमांना स्वतःच वाजवून दिलंय, पण या संगीताची पायाभरणी ज्यांनी केली ती माणसं त्या सिनेमांत पाहुणी म्हणून येतात, एक गाणं वाजवतात आणि जातात. धागाकर्त्यांनी विचारलं काम कुठे दिसतं, तर मी म्हणेन आधी माणूसच दिसू दिला नाही अनेक वर्षं, काम तर पुढची गोष्ट.

रानवारा:

+१ जुनाप्रोजेक्टर. लीना हॉर्नचं माहीत नव्हतं, वाचून फार वाईट वाटलं.

निशिगंधा:

बिली हॉलिडेचा विषय निघालाच आहे तर मला सविस्तर लिहायचंय, कारण तिच्यावरच्या दोन्ही मोठ्या सिनेमांबद्दल माझ्या मनात बरंच साचलंय.

पहिला 'लेडी सिंग्ज द ब्लूज' (१९७२), डायना रॉस. तिने जीव ओतून काम केलं, ऑस्कर नॉमिनेशनही मिळालं. पण त्या सिनेमात लेस्टर यंग नाहीच! ज्याने तिला लेडी डे हे नाव दिलं, जिने त्याला प्रेझ म्हटलं, ज्यांच्या १९३७-३८च्या रेकॉर्डिंगमध्ये तिचा आवाज आणि त्याचा टेनर एकमेकांच्या वाक्यांमध्ये शिरतात, तो माणूसच गायब. ती गायला कोणाकडून शिकली, तर वाद्यांकडून शिकली, आर्मस्ट्राँगच्या रेकॉर्डी ऐकून, ठोक्याच्या किंचित मागे राहून ओळ सोडणं हे तिने वाद्यासारखं केलंय. ते काढून घेतलं की उरते फक्त दुःखी बाई.

दुसरा २०२१चा 'द युनायटेड स्टेट्स व्हर्सेस बिली हॉलिडे', अँड्रा डे. इथे निदान लेस्टर आहे, आणि एक फार महत्त्वाची गोष्ट आहे जी बाकीचे सिनेमे टाळतात, ती म्हणजे सरकार. 'स्ट्रेंज फ्रूट' हे झाडाला लटकवून मारलेल्या काळ्या माणसांबद्दलचं गाणं ती १९३९पासून कॅफे सोसायटीत गात होती, आणि अमली पदार्थ खात्याचा प्रमुख हॅरी अ‍ॅन्सलिंगर तिच्या मागे लागला होता. सिनेमा विस्कळीत आहे, प्रेमकथेत नको इतका रमतो, पण हा धागा पकडल्याबद्दल मी त्याला मानते.

पण दोन्हींत जे नीट समजावून सांगायला हवं होतं ते म्हणजे कॅबरे कार्ड. न्यूयॉर्कमध्ये जिथे दारू विकली जाते तिथे काम करायचं तर पोलिसांकडून हे कार्ड घ्यावं लागायचं, आणि शिक्षा झाली की कार्ड गेलं. १९४७मध्ये तिला शिक्षा झाली, वेस्ट व्हर्जिनियातल्या तुरुंगात गेली, बाहेर आल्यावर मार्च १९४८मध्ये कार्नेगी हॉल खच्चून भरलं. लोकांना वाटतं केवढं हे यश. पण कार्नेगी हॉलमध्ये दारू मिळत नाही म्हणून ती तिथे गाऊ शकली, कोपऱ्यावरच्या छोट्या क्लबमध्ये रात्रीचे दोन सेट गायला तिला परवानगी नव्हती! आणि जॅझ गायिकेचं रोजचं काम, रोजची कमाई, रोजचा सराव त्या छोट्या क्लबमध्येच असतो. पियानोवादक थेलोनियस मंकचं कार्ड १९५१मध्ये गेलं ते थेट १९५७ला परत मिळालं, सहा वर्षं त्याला न्यूयॉर्कच्या क्लबांत वाजवता आलं नाही, आणि मिळाल्यावर फाइव्ह स्पॉट क्लबमध्ये सॅक्सवाल्या जॉन कोल्ट्रेनला घेऊन त्याने जे केलं ते सगळ्यांना माहीत आहे. हा कार्डाचा कारभार १९६७पर्यंत चालला.

सिनेमात दुःखाचं कारण नेहमी आतून येतं, लहानपण वाईट, स्वभाव विचित्र, व्यसन. बाहेरून एका कागदाने माणसाची रोजीरोटी बंद केली हे दाखवलं तर गोष्ट पूर्ण बदलते. शेवटी तर ती १९५९च्या जुलैमध्ये हॉस्पिटलच्या पलंगावर गेली तेव्हाही अटकेतच होती.

मध्यलय:

निशिगंधाताई, कॅबरे कार्डचा मुद्दा मूळ लेखात यायला हवा इतका महत्त्वाचा आहे. मी काम काम म्हणत होतो ते वाद्यापुरतं, तुम्ही ते परवान्यापर्यंत नेलंत, तेच बरोबर आहे. आणि तुम्हाला 'द साउंड ऑफ जॅझ' माहीत असेलच, डिसेंबर १९५७चा सीबीएसचा टीव्ही कार्यक्रम, बिली 'फाइन अँड मेलो' गाते आणि भोवती टेनरवाले आणि इतर वादक. लेस्टर यंग उभा राहून एक साधासा कोरस (गाण्याच्या एका आवर्तनाचा सोलो) वाजवतो आणि ती त्याच्याकडे बघत मान हलवत राहते. काहीही रचलेलं नाही. पुढे दोघंही १९५९मध्ये गेले, तो मार्चमध्ये, ती जुलैमध्ये. कुठल्याही चरित्रपटाने त्या एका चेहऱ्यापुढे मला काही दाखवलेलं नाही.

अपर्णा_के:

सगळं वाचतेय, छान चाललंय, पण एक सांगू का, इथेही बायका आल्या त्या फक्त गायिका म्हणूनच आल्या. आणि वादकांच्या सिनेमांत बाई म्हणजे वाट बघणारी बायको, नाहीतर वादकाला सावरणारी, नाहीतर बुडवणारी. मेरी लू विल्यम्सने बँडसाठी अरेंजमेंट (कोणत्या वाद्याने काय वाजवायचं त्याची मांडणी) लिहिल्या, पियानो वाजवला, मंक आणि बड पॉवेलसारखी तरुण मंडळी तिच्या घरी जमायची, शिकायची. मेल्बा लिस्टन ट्रॉम्बोन वाजवायची आणि अरेंजर म्हणून रँडी वेस्टनबरोबर तिने केलेलं काम ऐका. यांच्यावर मोठा सिनेमा का नाही? ऑल्टमनच्या 'कॅन्सस सिटी'त (१९९६) जेरी अ‍ॅलन ही खरी पियानोवादक मेरी लूवरून घेतलेल्या भूमिकेत आहे, पण ती बँडमध्ये बसलेली, बस्स. 'द गर्ल्स इन द बँड' ही डॉक्युमेंटरी मात्र जरूर बघा, इंटरनॅशनल स्वीटहार्ट्स ऑफ ऱ्हिदम या सगळ्या बायकांच्या बँडची माहिती त्यात आहे, काळ्या-गोऱ्या मुली एकत्र, दक्षिणेत फिरत, बसमध्येच झोपत.

मेलडीमन:

अपर्णा, 'कॅन्सस सिटी'चं नाव घेतलंत ते बरं झालं. मूळ गोष्ट अपहरणाची, ती मला फारशी धरून ठेवत नाही, पण क्लबमधले सीन ऑल्टमनने तेव्हाच्या तरुण वादकांकडून प्रत्यक्ष वाजवून घेतलेत. जोशुआ रेडमन लेस्टर यंगच्या जागी, क्रेग हँडी कोलमन हॉकिन्सच्या जागी, दोघांची टेनरवर जुंपते तो सीन बघाच. जुनी गाणी आहेत पण हे लोक नक्कल करत नाहीत, आपापल्या आवाजात भांडतात. ऑल्टमन स्वतः त्या शहरात जन्मलेला. शेवटी दोघं हस्तांदोलन करतात. स्पर्धा आणि आपुलकी एकत्र, 'व्हिप्लॅश'मध्ये जे मिळत नाही ते.

आणि 'राउंड मिडनाइट'बद्दल एक तक्रार मांडतोच. सुंदर आहे, मान्य, पण सगळी गोष्ट त्या फ्रेंच चाहत्याच्या डोळ्यांतून दिसते, तो पावसात क्लबच्या खिडकीबाहेर बसून ऐकतो, मग कलावंताला घरी आणतो, त्याचं सगळं करतो. काळा वादक आणि त्याला वाचवणारा गोरा रसिक, हा साचा मला खटकतो. 'माइल्स अहेड' हा सिनेमा करताना तर नट-दिग्दर्शक डॉन चीडलने उघड सांगितलं होतं की पैसा उभा करायला गोरा सहकलाकार घेणं भाग पडलं. माइल्स डेव्हिसवर सिनेमा काढायला!

मध्यलय:

मेलडीमन, तक्रार रास्त आहे. बड पॉवेलला फ्रान्सिस पोद्रा नावाच्या चाहत्याने खरंच सांभाळलं होतं, गोष्ट तिथून आलीय, पण नजर कोणाची हा प्रश्न त्याने सुटत नाही. माझं म्हणणं एवढंच की नजर त्या चाहत्याची असली तरी डेक्स्टर गॉर्डन त्यात मावत नाही. त्याची बोलण्याची लय, दोन शब्दांमधला थांबा, ते सगळं त्याच्या वाजवण्यासारखं आहे, दिग्दर्शकाच्या हातातून सिनेमा तो स्वतःकडे ओढून घेतो. अजून एक गोष्ट. १९५५मध्ये 'अनचेन्ड' नावाचा तुरुंगावरचा सिनेमा आला, गॉर्डन तेव्हा खरोखर त्या तुरुंगात कैदी होता आणि कैद्यांच्या बँडमध्ये वाजवताना दिसतो. आवाज मात्र त्याचा नाही, वरून दुसऱ्याचा डब केलेला! एकतीस वर्षांनी त्याच माणसाचा सॅक्स सेटवर प्रत्यक्ष रेकॉर्ड होतो. ताव्हेर्निएने लाइव्ह रेकॉर्डिंगचा हट्ट धरला त्याची किंमत मला इथे कळते.

तालवेडी:

अहो मग 'द कनेक्शन' कोणीच कसा काढला नाही अजून? शर्ली क्लार्क, १९६१. एका खोलीत काही माणसं ड्रग्जचा माल घेऊन येणाऱ्याची वाट बघत बसलीत, त्यातले चौघं वादक, फ्रेडी रेड पियानोवर आणि जॅकी मॅक्लीन ऑल्टोवर. वाट बघता बघता वाजवतात. व्यसन आणि काम एकाच खोलीत, एकाच वेळी, आणि संगीत सुरू झालं की ती माणसं एकदम ताठ होतात, कामाला लागतात. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सेन्सॉरने अडवला होता. मूळ नाटक, आणि लॉस एंजेलिसमध्ये ते झालं तेव्हा त्यात हाच आपला डेक्स्टर गॉर्डन होता.

रेषारंग:

मी अ‍ॅनिमेशनमध्ये काम करतो म्हणून 'सोल'बद्दल (२०२०) दोन शब्द. जो गार्डनरचा पियानो जॉन बटिस्टने वाजवलाय, आणि त्याच्या बोटांच्या हालचाली रेकॉर्ड करून त्यावरून बोटं अ‍ॅनिमेट केलीत. पडद्यावर दिसणारी पट्टी आणि ऐकू येणारा स्वर जुळतो. नट पियानोसमोर खांदे हलवतो आणि हात फ्रेमच्या बाहेर, ही जुनी पळवाट इथे नाहीये. शिवाय तो शाळेत शिकवतो, आई पेन्शनच्या नोकरीसाठी मागे लागलीय, मोठ्या बँडबरोबर एकदा वाजवून झाल्यावर पुढे काय विचारतो तर उत्तर मिळतं की उद्या परत यायचं आणि हेच करायचं. व्यसन नाही, मरण आहे पण वेगळ्या कारणाने :) मध्यलय, तुमच्या कसोटीवर हा सिनेमा बराच वर यायला हवा.

मध्यलय:

रेषारंग, येतो, नक्की येतो. त्यात क्वार्टेटची (चौघांच्या बँडची) म्होरकी डोरोथिया ही सॅक्सवाली बाई आहे हे अपर्णा यांच्यासाठी नोंदवतो.

स्वरसावली:

छान चर्चा. मला जॅझ फारसं कळत नाही, पण वाचून बघावंसं वाटतंय. एवढी नावं आली की गोंधळ झाला, सुरुवात कुठून करू? आणि ज्यात वादक दिसतच नाही पण जॅझ आहे असेही सिनेमे चालतील का इथे?

सॅक्सोफोनिक:

स्वरसावली, चालतील की, उलट त्यातला एक मी सगळ्यांत वर ठेवीन. लुई मालचा 'लिफ्ट टू द स्कॅफोल्ड' (१९५८). डिसेंबर १९५७मध्ये माइल्स डेव्हिस पॅरिसला होता, मालने त्याला स्टुडिओत नेऊन सिनेमातले तुकडे पडद्यावर परत परत दाखवले आणि माइल्स आणि त्याचे साथीदार बघत बघत वाजवत गेले. लिहून आणलेलं जवळपास काही नव्हतं. जान मोरो रात्रीच्या पॅरिसमध्ये आपल्या माणसाला शोधत फिरतेय आणि वर तो ट्रंपेट. माइल्स पडद्यावर एकदाही दिसत नाही, पण तो काय बघतोय आणि बघून काय करतोय हे ऐकू येतं. ड्रमवर केनी क्लार्क आहे, वर तालवेडी यांनी सांगितलेला तोच, तेव्हा पॅरिसमध्येच राहायचा. आणि बासवर प्येर मिशलो. तोच मिशलो जवळजवळ तीस वर्षांनी 'राउंड मिडनाइट'च्या बँडमध्येही आहे.

जुनाप्रोजेक्टर:

सॅक्सोफोनिक यांचं बरोबर, पण तो दुसरा बघा. आधी 'जॅमिन द ब्लूज' बघा, दहाच मिनिटं आहे, गोष्ट नाही, संवाद नाहीत. एकदा नुसतं लेस्टर यंगकडे बघा, सॅक्स कसा तिरका धरतो ते. मग परत लावा आणि तालवेडी म्हणाल्या तसं जो जोन्सच्या हाताकडे बघा. त्यानंतर 'राउंड मिडनाइट', आणि तो आवडला तर 'बर्ड', पण 'बर्ड' बघायच्या आधी पार्करच्या १९४५-४८मधल्या सॅव्हॉय आणि डायल या कंपन्यांच्या रेकॉर्डिंग ऐकून घ्या, त्यांच्या मूळ ड्रमरसकट.